सोळा पोती दालचिनी

टाकी मी मारली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे चूक कोणाची हे शोधत बसायला नको.

आमचं तेर्नहोल्म बेट म्हणजे एकशे चाळीस घरं, एक शाळा, आठ म्हाताऱ्यांचा एक वृद्धाश्रम आणि प्रेबेनच्या गोठ्यामागं टाकी. नव्वद हजार लिटरची, पत्र्याचं जाकीट घातलेली, डोक्यावर हिरवा रबरी फुगा. प्रेबेनच्या साठ गायींचं शेण आणि सगळ्या बेटाचं खरकटं तिच्या पोटात जातं. आत हवा नाही, अडतीस डिग्रीची ऊब. त्या उबेत जंतू खात बसतात आणि गॅस सोडतात. गॅस बॉयलरमध्ये जळतो, आणि शाळा आणि वृद्धाश्रम गरम राहतात. एवढंच. तीस वर्षांपूर्वी प्रेबेननं ती स्वतः वेल्डिंग करून उभी केली. मालकी सगळ्या घरांची, सहकारी. चालवतो मी.

माझ्याकडं कुठलं सर्टिफिकेट नाही. शाळा सोडली, दोन वर्षं मासेमारी केली, बोट लागायची म्हणून ती पण सोडली. मग प्रेबेनकडं गेलो आणि बघून बघून शिकलो. उरलेलं रात्री फोनवर वाचून.

रोज सकाळी घरोघरच्या झाकणाच्या बादल्या गोळा करतो. त्यामुळं बेटावर काय चाललंय ते मला सगळ्यांच्या आधी कळतं. कोणाचं डाएट मोडलं, कोणाकडं पाहुणे आलेत, कोणाची बायको रुसून माहेरी गेलीय. बादलीत सलग चार दिवस पिझ्झाच्या कडा आल्या की समजायचं. मी कोणाला सांगत नाही. बादलीवाल्यानं तेवढं पाळायला लागतं.

तर, एक फेब्रुवारीला मी पंचवीस वर्षांचा झालो, आणि लग्न झालेलं नाही. आमच्याकडं पंचविशीपर्यंत लग्न झालं नाही की वाढदिवसाला दालचिनीनं माखतात. आता काय होणार हे मला माहीत होतं, पळून जायला जागा नव्हती. बेट आहे ना.

सकाळी दहाला मित्रांनी मला धक्क्यावरच्या दिव्याच्या खांबाला बांधलं. डोळ्यांवर पोहायचा चष्मा, अंगावर दोन बादल्या पाणी, आणि मग दालचिनी. दुसऱ्यांना डबा-दोन डबे मिळतात. मला पोतं मिळालं. कारण माझी मैत्रीण व्हीबे पलीकडे मुख्य भूमीवर बेकरीचं सामान भरणाऱ्या कारखान्यात आहे, आणि तिथं तारीख उलटलेली दालचिनी पडून होती. मुकादमानं ‘घेऊन जा’ म्हटलं, आणि ही बया पॅलेटच घेऊन आली. पंचवीस किलोचं एक पोतं, अशी सोळा.

“व्हीबे, नाकात जातंय!”

“मग तोंडानं श्वास घे.”

“तोंडात पण जातंय!”

“मग लग्न करायचं होतंस वेळेवर.” तिनं अजून एक घमेलं ओतलं. “पंचवीस वर्षांत एक पोरगी पटली नाही याला.”

“टाकी पटलीय की,” मागून कोणीतरी म्हणालं. “रोज तिलाच भरवत असतो.”

तेवढ्यात पाले आला. पाले म्हणजे आमच्या बोटीचा कप्तान, आणि टाकीच्या सहकारी संस्थेचा अध्यक्षही तोच. बेटावर माणसं कमी, कामं जास्त. त्यानं माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “असाच बोटीवर चढलास तर डेक तू धुवायचा.” आणि गेला. पालेचं अभिनंदन असंच असतं.

दोन पोती माझ्यावर संपली. चौदा उरली.

“ही तुझ्या बाईसाहेबांना,” व्हीबे म्हणाली. “माझ्याकडून भेट.”

इथं खरी चूक आहे, ती नीट सांगतो. आमच्या बेटावर काही टाकून देत नाहीत. नाताळची उरलेली बिअर, बुरशी आलेला मुरंबा, शाळेच्या जत्रेतले शिळे पाव, सगळं टाकीत. तीस वर्षं तिनं सगळं पचवलं. त्यामुळं आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की झाडाचं किंवा जनावराचं असेल तर ती खाते. दालचिनी काय, झाडाची साल. मी प्रेबेनला विचारलं. तो गायीचा खूर बघत होता. वर न बघता म्हणाला, “तू बघ.”

मी बघितलं. सोमवारी सात पोती, मंगळवारी सात.

मंगळवारी पश्चिमेचा वारा होता आणि अख्ख्या बेटावर दालचिनीच्या बन्सचा वास सुटला. शाळेतली पोरं साडेनवालाच डबे उघडून बसली. टाकी बंद करा म्हणून तीन वर्षं मागं लागलेल्या पालेनं स्वतः फोन केला. म्हणाला, “आज पहिल्यांदा माझी तक्रार नाही.” मी खूश. जंतू आत मरत होते आणि मी खूश.

गुरुवारी गॅस एक तृतीयांश उतरला.

आता शहाणा माणूस काय करेल? थांबेल. मी काय केलं? म्हटलं, बाहेर थंडी, आत भूक लागली असेल. शिळे पाव घातले, चीजवाल्याकडचं दह्याचं पाणी घातलं. शुक्रवारी गॅस अजून कमी. अजून घातलं. शनिवारी फुग्याला सुरकुत्या पडल्या. रविवारी सकाळी टाकीच्या काचेच्या खिडकीतून फेस दिसला, पिवळट, आणि वास आंबट. बॉयलरची ज्योत आधी उंच झाली, मग थरथरली, मग फट् करून गेली. शेजारचा तेलाचा बॉयलर आपोआप सुरू झाला.

त्या बॉयलरचा तो घरघर आवाज. शाळा गरम, म्हातारे गरम, पण तेलावर. मग टाकी कशाला पाहिजे? हाच पालेचा मुद्दा होता, तीन वर्षांपासून. मार्चच्या पहिल्या शनिवारी वार्षिक सभा होती, आणि विषय क्रमांक सहा त्यानं आधीच लिहून ठेवला होता: टाकी बंद करणे. माझ्या हातात तीन आठवडे होते. तोवर ज्योत पेटली नाही तर टाकी भंगारात, आणि मी मुख्य भूमीवर कुठल्यातरी गोदामात. मला बेट सोडायचं नव्हतं. आणि खरं सांगू, त्यापेक्षा जास्त मला तिला अशी मारून जायचं नव्हतं.

प्रेबेन आला. एकाहत्तर वर्षांचा, बोलतो कमी. त्यानं खिडकीतून फेस बघितला, टोपी काढली, परत घातली.

“माझ्यामुळं झालं,” तो म्हणाला.

“काय?”

“तीन गायींना पेनिसिलीन चालू आहे. कासेची सूज. त्यांचं दूध विकता येत नाही, म्हणून मी टाकीत ओतलं. रोज. जंतू मारायचं औषध जंतूंना पाजलं मी.” थोडं थांबला. “सभेत मी सांगेन. आणि बंद करायच्या बाजूनं हात वर करेन. म्हातारा झालो रे, लक्षात राहत नाही.”

मला खरंच वाटलं की तसंच असेल. आणि, लाज वाटते पण लिहितो, थोडं बरं पण वाटलं. माझी चूक नाही म्हणून.

ते बरं वाटणं एक दिवस टिकलं.

सोमवारी वृद्धाश्रमाची बादली आणायला गेलो. तिथली स्वयंपाकीण रिग्मोर पीठ मळत होती. तिचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत आणि तोंड त्याहून दांडगं.

“आलास का खुनी?” ती म्हणाली.

“तुला पण कळलं?”

“तेलाचा बॉयलर माझ्या खिडकीखाली आहे, बहिरी नाही मी.” तिनं पीठ लाटलं, वर लोणी फासलं, वर साखर आणि दालचिनी भुरभुरवली, आणि गुंडाळी करायला लागली.

माझं डोकं जड होतं, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “पिठातच का नाही घालत दालचिनी? गुंडाळायचा ताप वाचेल.”

रिग्मोर थांबली. मी तिच्या आईला शिवी दिल्यासारखं बघितलं तिनं.

“पिठात घातली तर पीठ फुगेल का, गाढवा? यीस्ट मरतं दालचिनीनं. थोडी असेल तर रडतखडत फुगतं, जास्त घातली तर दगड. म्हणून तर वरून लावतात. शाळेत काय शिकलास?”

मी बादली खाली ठेवली.

“रिग्मोर, आणि चौदा पोती घातली तर?”

तिनं हात पुसले. खूप हळू पुसले. मग म्हणाली, “बस. कॉफी घे. मग पळ प्रेबेनकडं. तो म्हातारा काल इथं बसून स्वतःला शिव्या देत होता.”

कॉफी नाही घेतली. पळालो.

प्रेबेन गोठ्यात होता. मी दारातूनच ओरडलो, “पेनिसिलीन नाही! तीन गायींच्या दुधानं नव्वद हजार लिटर नाही मरत. दालचिनी. मी घातली.”

तो गायीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

“किती?”

“चौदा पोती.”

“चौदा.”

“आणि वरून पाव. आणि दह्याचं पाणी. आजारी माणसाला जेवणावळ घातली मी.”

त्यानं गायीच्या पाठीवर एक थाप मारली. मग म्हणाला, “मला दालचिनी नाताळात पण आवडत नाही.” आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याची पाठ सरळ दिसली मला.

“आता?” त्यानं विचारलं.

आख्खी रात्र जागून मी जे वाचून काढलं होतं ते सांगितलं. साठ हजार लिटर उपसायचं, त्याच्या उघड्या खड्ड्यात सोडायचं. वीस हजार लिटर गायींचं ताजं शेण आत. बाकी चाळीस हजार दुसऱ्या चालू टाकीतून आणायचं, जिवंत जंतूंसकट, विरजण आणतो तसं. मुख्य भूमीवर एक मोठी टाकी होती, तिथल्या बाईला मी फोन केला होता. बोटीतून शेण न्यायचं ऐकून ती आधी पाच मिनिटं हसली, मग म्हणाली, हवं तेवढं ने.

“माझ्या ट्रॅक्टरमागची टाकी दहा हजारांची आहे,” प्रेबेन म्हणाला. “चार खेपा. बोटीवरून.”

म्हणजे पाले.

पाले बोटीच्या केबिनमध्ये डबा खात होता. मी सगळं सांगितलं, दालचिनीसकट. त्यानं काळ्या पावाचा घास नीट चावून संपवला.

“म्हणजे तू माझ्या बोटीतून शेण आणणार. मी जी टाकी बंद करायला निघालोय ती चालू करायला.”

“हो.”

“आणि मी हो म्हणावं.”

“हो.”

“हे बघ एस्किल. सभागृहात मी अध्यक्ष आहे, तिथं मी तुझ्या विरोधात बोलणार. इथं मी कप्तान आहे. कप्तान माल बघतो, मत नाही बघत. सकाळी सहा वाजून दहाची मालाची फेरी, त्यात प्रवासी नसतात. एक थेंब सांडला तर तुला पाण्यात सोडेन.” डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, “वारा असला तरी यायचं. मी वाट बघत नाही.”

एक अडचण राहिली होती. ते जंतू अडतीस डिग्रीत राहणारे, बाहेर उणे चार. तासभर बोटीवर नुसत्या लोखंडी टाकीत गारठले तर आणून काय उपयोग? हे रिग्मोरला कळलं, कसं ते विचारू नका. मंगळवारी पहाटे धक्क्यावर ती हातगाडी घेऊन उभी. गाडीत वृद्धाश्रमाच्या जुन्या रजया, फुलाफुलांच्या.

“म्हाताऱ्यांनी दिल्यात,” ती म्हणाली. “धुवून परत पाहिजेत.”

तर असे गेलो आम्ही. ट्रॅक्टर, मागं शेणाची टाकी, टाकीला गुलाबी आणि निळ्या फुलांच्या रजया दोरीनं करकचून बांधलेल्या. जाताना रिकामी, येताना भरलेली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. गुरुवारी लाटा डेकवर येत होत्या. मला बोट लागते, सांगितलं ना. मी ट्रॅक्टरच्या चाकाला मिठी मारून ओकलो, आणि पाले वरच्या खिडकीतून ओरडला, “ते पण टाकीत टाक!”

शुक्रवारी शेवटची खेप आत गेली. आणि मग सगळ्यात अवघड काम सुरू झालं. काहीच न करण्याचं.

आंबटपणा बघायची पट्टी बुडवायची, रंग बघायचा. मीटर लावायचा. मिथेन, म्हणजे गॅसमधला जळणारा भाग, बत्तीस टक्के. पन्नासच्या खाली ज्योत धरत नाही. चौतीस. चौतीस. परत तेहतीस. खायला काही घालायचं नाही, आतला आंबटपणा त्यांनी आधी संपवायला पाहिजे. पण बेटावर प्रत्येकाला वाटत होतं की तिला भूक लागलीय. लोक बादल्या घेऊन यायचे.

“थोडं तरी घाल. मासळीचं आहे, ताकद येईल.”

“नको.”

“माझी आजारी कुत्री मासळीनंच उठली.”

“ती कुत्री आहे. ही नाही. घरी घेऊन जा.”

बादल्या साठल्या, थंडीत गोठल्या. व्हीबे शनिवारी आली आणि माझ्याबरोबर रांगेनं त्या शेडमध्ये लावल्या. नेहमीसारखी बोलत नव्हती.

“मी आणलेली ना ती पोती,” शेवटी म्हणाली.

“तू आणली, मी घातली. हात माझे.”

“सभेत माझं नाव घेणार?”

“कशाला? पण एक काम कर. दालचिनीच्या वासाचं काहीही परत बेटावर आणू नकोस.”

“पण तिशीलाही लग्न झालं नाही तर मिरपूड असते,” ती म्हणाली. तेव्हा कळलं, ही ठीक आहे.

नवव्या दिवशी पट्टीचा रंग बदलला. एवढासा. मी ती खिशात घालून प्रेबेनला दाखवायला गेलो, आणि आम्ही दोघं गोठ्याच्या दिव्याखाली ती तिरकी-सरळ करून बघत बसलो. त्या दिवशी पन्नास लिटर शेण घातलं. दुसऱ्या दिवशी पन्नास. मग साठ. मिथेन एकोणचाळीस. बेचाळीस. सेहेचाळीस. सभेच्या आदल्या दिवशी अठ्ठेचाळीस आणि तिथंच अडकलं. मला घाई करायची खूप इच्छा झाली. साखरेचं पाणी घातलं असतं तर गॅस उसळला असता, एका दिवसापुरता. सभा झाली असती. आणि सोमवारी ती परत आजारी.

नाही घातलं.

शनिवारी सकाळी एकोणपन्नास. मी सभागृहात गेलो.

आमच्या वार्षिक सभेला आधी जेवण असतं, पिवळ्या वाटाण्याचं घट्ट सूप आणि डुकराचं मटण. एकशे एक घरांतून एकेक माणूस आला होता, घरामागं एक मत. टाकीच्या सभेला वाटाणे, त्यावर दरवर्षी तोच विनोद होतो, की आता प्रत्येकानं आपापला गॅस जमा करावा, आणि दरवर्षी सगळे हसतात. यावर्षी कमी हसले.

पालेनं विषय क्रमांक सहा वाचला. टाकी जुनी, वास येतो, आता तर बंदच पडलीय. सरळ बोलला, खोटं काही नाही. मग विचारलं, “कोणाला बोलायचंय?”

प्रेबेन उठायला लागला. मी त्याच्या आधी उठलो.

“टाकी जुनी झाली म्हणून बंद पडलेली नाही,” मी म्हणालो. “प्रेबेननं काही केलं नाही. मी तिच्यात साडेतीनशे किलो दालचिनी घातली.”

सभागृहात असा आवाज झाला, जसा सगळ्यांनी एकदम चमचा ठेवल्यावर होतो.

“तो वास!” कोणीतरी म्हणालं. “मंगळवारचा!”

“तो वास मरणाचा होता. आपण सगळे त्यावर खूश होतो. आणि मग गॅस उतरला तर मी थांबायच्या ऐवजी कोंबत गेलो. मला काढायचं असेल तर काढा. पण म्हणून तिला भंगारात घालू नका. ती सुधारतेय. मी तीन आठवडे रोज मोजतोय.”

“पेटलीय का?” पालेनं विचारलं.

“नाही अजून.”

“मग?”

“एक टक्का कमी होतं सकाळी.”

पालेनं घड्याळ बघितलं. “सकाळ कधीच संपली. चला. मला डोळ्यांनी बघू दे.”

म्हणजे पाले असा आहे. विरोध करणार, पण बघून.

आणि मग एकशे एक माणसं, पोटात वाटाणे, अंगात कोट, बर्फातून बॉयलरच्या खोलीकडं निघाली. खोलीत दहा जण मावतात. बाकी बाहेर. रिग्मोर दारात उभी राहून रांग लावत होती. मी मीटर लावला. पन्नास पूर्णांक चार. 

बटण दाबलं. पेटली. गेली.

“गेली,” दारातून रिग्मोरनं बाहेरच्यांना सांगितलं, बातम्या द्याव्यात तसं.

परत दाबलं. पेटली, तीन सेकंद, गेली.

“गेली.”

प्रेबेन पुढं आला. त्यानं हवेची झडप बोटभर बंद केली. तीस वर्षांपूर्वी त्यानंच बसवलेली. गॅस पातळ आहे तर हवा कमी द्यायची, एवढं साधं, आणि मी कुठंच वाचलं नव्हतं.

तिसऱ्यांदा दाबलं. पेटली. थरथरली. बसली. निळी, बुटकी, एका जागी.

आम्ही काचेकडं बघत होतो. एक मिनिट. दोन. तेलाचा बॉयलर टक् करून थांबला, आणि खोलीत एकदम शांत झालं.

“राहिली,” रिग्मोर म्हणाली. यावेळी हळू.

मग एकेक जण आत आला, छोट्या काचेतून बघितलं, बाहेर गेला. देवळात दर्शनाला जातात तसं. पाले सगळ्यात शेवटी. तो बराच वेळ वाकून होता.

मतदान तिथंच बर्फात झालं, हात वर करून. चोपन्न चालू ठेवायच्या बाजूनं, पंचेचाळीस विरोधात. पालेचा हात वर होता, विरोधात. म्हणाला होता तसंच. मोजलं पण त्यानंच, दोनदा. मग म्हणाला, “चालू. पुढचा विषय सभागृहात, कॉफी गार होतेय.” दोन मतं कुठं गेली? एक माझं, विसरलोच हात वर करायला. दुसरं प्रेबेनचं. तो अजून आत होता, झडपेवर हात ठेवून.

सोमवारी सकाळी शेडमध्ये गेलो तर प्रेबेन आधीच तिथं. गोठलेल्या बादल्यांच्या रांगेकडं बघत.

“रिग्मोरचा फोन होता,” तो म्हणाला. “रेडिएटर कोमट आहेत म्हणते. म्हाताऱ्यांना रजया परत पाहिजेत.”

“वाळत घातल्यात.”

“रात्री उणे आठ सांगितलंय.”

“ऐकलं.”

“मग आज किती घालायचं तिला?”

“शंभर लिटर.”

“थंडी वाढतेय पण.”

“शंभर.”

त्यानं एक बादली उचलली, मासळीची, माझ्याकडं धरली. “ही एक तरी?”

“नाही.”

प्रेबेननं बादली जागेवर ठेवली, झाकण दाबून बसवलं, आणि गायींकडं गेला. जाता जाता हसत होता, बहुतेक. मी शंभर लिटर मोजून घातलं.